सहावी रेघ

गेल्या सत्रात आम्ही प्रयोगशाळेत जेल विसरण पद्धत शिकलो. प्रयोग सोपा आहे, पण त्यात माझ्याकडून एक चूक झाली. म्हणून दोन्ही सांगतो.

परका पदार्थ, म्हणजे प्रतिजन, शरीरात शिरला की शरीर त्याला ओळखणारी प्रतिपिंडे बनवते. ही जोडी कुलूप-किल्लीसारखी असते. म्हणून माहितीतले प्रतिपिंड हाताशी असेल, तर अनोळखी नमुन्यात तो प्रतिजन आहे का, हे शोधता येते. स्वीडनचे शास्त्रज्ञ औक्टरलोनी यांनी १९४० च्या दशकात यासाठी दुहेरी विसरणाची पद्धत बसवली.

आम्ही काचपट्टीवर गरम अ‍ॅगारोज ओतून थंड होऊ दिले. मध्ये एक व भोवती सहा खळगे पाडले, प्रत्येक ३ मिमी रुंद. मधल्या खळग्यात प्रतिपिंडांचे सीरम आणि भोवती सरांनी दिलेले १ ते ६ क्रमांकांचे नमुने भरले. काचपट्टी ओलसर डब्यात ठेवली. दोन्हींकडचे रेणू जेलमधून एकमेकांकडे सरकतात. जिथे त्यांचे प्रमाण जुळते, तिथे मोठी जाळी बनते, ती पुढे सरकत नाही आणि पांढरी रेघ उमटते. शेजारच्या खळग्यांत एकच प्रतिजन असेल तर रेघा जुळून कमान होते.

२४ तासांनी पाच खळग्यांसमोर जुळलेली कमान दिसली. सहाव्यासमोर काहीच नव्हते. मला वाटले, उशिरा येईल. मी वहीत सहावी रेघही काढली आणि वर्तुळ पूर्ण करून वही दिली.

४८ तासांनीही रेघ आली नाही. सर म्हणाले, "सहाव्यात नुसते सलाईन होते. तू कोणाला आजारी ठरवलेस?" मला उत्तर देता आले नाही.

मग आम्ही मोजमापाची पद्धत शिकलो. ती इटलीच्या मानचिनी व सहकाऱ्यांनी १९६५ साली मांडली. यात प्रतिपिंडे जेलमध्येच मिसळतात आणि खळग्यात प्रतिजन भरतात. भोवती कडे उमटते. कडे वाढायचे थांबले की त्याच्या व्यासाचा वर्ग प्रतिजनाच्या प्रमाणानुसार सरळ रेषेत वाढतो. समजा, १० एककांचे कडे ५ मिमी व ४५ एककांचे ९ मिमी आले. मग ७ मिमी कड्याचे उत्तर किती? मधले म्हणून २७.५ नव्हे! वर्ग २५, ८१ आणि ४९ घेऊन आलेख काढा, उत्तर २५ येते. कडे थांबण्याआधी मोजले तर हे गणित चुकते.

घोडेस्वारी करणाऱ्या मित्रांनो, घोड्यांच्या संसर्गजन्य अ‍ॅनिमियासाठीची कॉगिन्स चाचणी याच तत्त्वावर चालते. तिथे माहितीतला प्रतिजन वापरून घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडे शोधतात. तिथे कोणी मनाने रेघ काढली, तर निरोगी घोडा रोगी ठरेल.

माझ्या वहीत ती सहावी रेघ अजून आहे. मी ती खोडलेली नाही. शेजारी लाल शाईने लिहिले आहे : "दिसली नव्हती."