जॅक बसला म्हणजे झालं?
(सिंथेसायझरसाठी अ‍ॅम्प निवडताना)

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून मॅडम मागे लागल्या तेव्हा विषय एकच सुचला. गेल्या गॅदरिंगला जे घडलं त्याचं प्रायश्चित्त म्हणून हा लेख!

आमच्या हॉस्टेलच्या बँडमध्ये सेकंड इयरची एक मुलगी सिंथेसायझर वाजवते. दोन महिने रोज रात्री मेसनंतर कॉमन रूममध्ये हेडफोन लावून तिने एका सोलोची तयारी केली. प्रोग्रॅमच्या दिवशी तिने मला विचारलं, "ताई, हे कशाला जोडू?" मी ई अँड टीसीची, त्यातून सीनियर. कोपऱ्यात गिटारवाल्याचा जादा अ‍ॅम्प पडला होता. मी ठोकून दिलं, "जॅक बसतोय ना? मग चालेल."

जॅक बसला, पण बाकी सगळं बिनसलं. खालचे सूर नुसते फडफडले, वरची चमक गेली, आणि आवाज वाढवला की पातेलं खरवडल्यासारखं ऐकू येई. मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. तिने सोलो अर्धवट सोडला. मला ती एक शब्दही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

सुट्टीनंतर तो अ‍ॅम्प घेऊन मी लॅबमध्ये गेले. लॅबचे काका आधी म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये आहे का?" मग स्वतःच फंक्शन जनरेटर काढून दिला. आवाज बारीक ठेवून साइन वेव्ह सोडली. 100 हर्ट्झच्या खाली आवाज विरत गेला, 50 ला तर कोन हलताना दिसत होता पण ऐकू काही येईना. वर 5 किलोहर्ट्झ ओलांडले आणि आवाज झपकन पडला. तोच सिग्नल सेमिनार हॉलच्या पी. ए. स्पीकरला दिला तर 10 किलोहर्ट्झची शिट्टी कानात घुसली! काका म्हणाले, "अ‍ॅम्प बिघडलेला नाही गं. तो गिटारचा आहे, एवढंच."

गिटारचा अ‍ॅम्प वेगळा का?

इलेक्ट्रिक गिटारची सगळ्यात खालची तार 82 हर्ट्झच्या आसपास असते. वरच्या बाजूला 5 किलोहर्ट्झच्या पुढचं सगळं कर्कश वाटतं, म्हणून गिटारचा स्पीकर ते मुद्दामच गाळतो. थोडक्यात, गिटारचा अ‍ॅम्प हा त्या वाद्याचाच अर्धा भाग आहे. आवाज तिथे घडतो.

सिंथचा आवाज मात्र आतच पूर्ण घडून बाहेर येतो. फिल्टर, एन्व्हलप, रिव्हर्ब सगळं झालेलं असतं. 88 पट्ट्यांच्या कीबोर्डवर सगळ्यात खालचा सूर 27.5 हर्ट्झचा आणि वरचा 4186 हर्ट्झचा, आणि त्याचे हार्मॉनिक्स आणखी कितीतरी वर. म्हणजे इथे अ‍ॅम्पने काही घडवायचं नाही, खिडकीच्या काचेसारखं फक्त आरपार जाऊ द्यायचं. शिवाय सिंथचा आउटपुट लाइन लेव्हलचा. गिटारच्या पिकअपपेक्षा तो बराच जोरकस असतो, म्हणून गिटारचा इनपुट ओव्हरलोड होतो. ते पातेलं खरवडणं म्हणजे हेच.

मुद्दाम तसाच खरखरीत आवाज हवा असेल तर गोष्ट वेगळी. डीप पर्पलचे जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अ‍ॅम्पमधून वाजवायचे, आणि ती त्यांची ओळख झाली. पण त्यांनी ते निवडलं होतं. आमच्या मुलीवर मी ते लादलं!

वॅटचं गणित

दुकानदार वॅटचा आकडा फेकतो आणि आपण भुलतो. बोर्डावर "पीक" लिहिलंय की "आर. एम. एस." हे आधी बघा, खरा हिशोब आर. एम. एस.चा. दुसरं, वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट!

म्हणून स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघायला विसरू नका. 1 वॅटला 1 मीटरवर किती डेसिबल, हा तो आकडा. 96 डेसिबलचा स्पीकर 25 वॅटमध्ये जेवढा वाजेल, तेवढं वाजायला 90 डेसिबलच्या स्पीकरला 100 वॅट लागतील.

मग जास्त वॅट घ्यायचेच कशाला? हेडरूमसाठी. सिंथचा एक जोरदार बास सूर आला की कमी ताकदीचा अ‍ॅम्प क्लिप होतो. साइन वेव्हची डोकी कापली जाऊन ती चौकोनी व्हायला लागते, आणि तेवढ्याच उंचीच्या स्क्वेअर वेव्हमध्ये पॉवर दुप्पट असते. शिवाय नवे हार्मॉनिक्स तयार होतात ते ट्वीटरच्या वाट्याला येतात. म्हणजे छोटा अ‍ॅम्प ताणून वाजवला तरी ट्वीटर जळू शकतो.

मग घ्यायचं काय?

आधी स्वतःला विचारा, ऐकवायचं कोणाला? मोठ्या हॉलमध्ये लोकांना ऐकवायचं काम पी. ए. सिस्टिमचं. तुमचा अ‍ॅम्प फक्त तुम्हाला आणि बँडला ऐकू येण्यापुरता. त्यासाठी उगाच राक्षस विकत घेऊ नका.

कीबोर्ड अ‍ॅम्प: फुल रेंज, तीन-चार इनपुट, एकाच डब्यात सगळं. रिहर्सलला उत्तम. बरेचसे मोनो असतात.

बास अ‍ॅम्प: खालचे सूर झकास, पण ट्वीटर नसेल तर पियानो गोधडीखालून वाजल्यासारखा येतो.

पॉवर्ड पी. ए. स्पीकर: दहा किंवा बारा इंची वूफर, वर हॉर्न, आत अ‍ॅम्प. माझं मत यालाच. आडवा ठेवला की मॉनिटर, स्टँडवर चढवला की छोट्या हॉलची पी. ए.

आणि विकत घेण्याआधी एकदा भाड्याने आणून, आपलाच सिंथ लावून, पूर्ण बँडबरोबर वाजवून बघा. दुकानात एकटा वाजवल्यावर सगळेच अ‍ॅम्प छान वाटतात.

दोन वायरींच्या गोष्टी

स्पीकर एकच असेल तर सिंथच्या मागे "लेफ्ट/मोनो" लिहिलेल्या सॉकेटमध्येच जॅक घाला, आणि उजवा रिकामा सोडा. मग दोन्ही बाजू आतच एकत्र होतात. फक्त उजवा जोडलात तर अर्धा आवाज घरीच राहिला समजा.

स्टेजपासून मिक्सरपर्यंत लांब वायर न्यायची तर मध्ये डी. आय. बॉक्स लावा. तो सिग्नल बॅलन्स्ड करतो, म्हणून वाटेतला गोंगाट कटतो. ग्राउंड लूपची घुंई आली तर त्यावरचं "ग्राउंड लिफ्ट" बटण दाबा. पण प्लगची अर्थ पिन काढू नका! हॉस्टेलमध्ये हा उद्योग सर्रास चालतो. घुंई जाते खरी, पण आत फॉल्ट झाला तर अंगात उतरलेला करंट अर्थकडे जायला वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे माइकला ओठ लावून उभी असलेली तुमची गायिका असू शकते.

परवा सेमिनार हॉलच्या त्याच पी. ए. स्पीकरला तिचा सिंथ जोडला. खालचा सूर लागला तेव्हा खिडकीची तावदानं थरथरली. पूर्ण सोलो वाजवून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, हा आवाज तर मी हेडफोनमध्येच ऐकला होता."

यंदाच्या गॅदरिंगला तो तुम्हीही ऐकायला या. वायरी मी जोडणार आहे. आणि यावेळी आधी तपासून!