जूनमधला पहिला सा

अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर मी एकोणीस वर्षं शिकवतोय. आमच्याकडं संगीताला वेगळा शिक्षक नसतो. जो गणित घेतो, तोच गाणं घेतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’पर्यंत मी पेटी शिकलो होतो, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. वर्ष कसं सुरू करायचं, हे मात्र लेकरांनीच शिकवलं.

१. शाळा १५ जूनच्या आसपास उघडते. पेटी त्याच्या आठवडाभर आधी उघडावी. सुटीत बंद खोलीत उंदीर भाता कुरतडतात. मृगाची दमट हवा लागली की पट्ट्या फुगून अडकतात, ढोलकीची पुडी उतरते. प्रवेशोत्सवाच्या सकाळी हे कळलं तर दुरुस्तीला हातात वेळच राहत नाही.

२. पट्टी लेकरांची धरावी. माझा आवाज काळी एकचा. पहिली काही वर्षं मी तिथूनच गाणं उचलायचो. वरच्या सुरांना लेकरं मानेच्या शिरा ताणून ओरडायची आणि मी म्हणायचो, जोरात म्हणतात, छान! मग एकदा काळी पाचचा सा दिला. त्या दिवशी पहिल्यांदा वर्ग गायला.

३. पहिले पंधरा दिवस शिकवायचं कमी, ऐकायचं जास्त. याला कारण आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी प्रार्थनेसाठी आवाज निवडताना मी एका चौथीतल्या मुलाला म्हणालो, “तू नुसत्या टाळ्या वाजव.” तो वर्षभर निमूट टाळ्या वाजवत राहिला. पुढं सप्ताहात त्याच्या गावी गेलो, तर हा वडिलांच्या शेजारी उभा राहून हरिपाठ म्हणत होता. टाळ हातात, डोळे मिटलेले, सूर स्वच्छ. माझ्या पट्टीत त्याचा आवाज बसत नव्हता, एवढंच होतं. माझ्या त्या एका वाक्यानं त्याचं शाळेतलं गाणं वर्षभर बंद राहिलं. मला ते अजून डाचतं.

तेव्हापासून जूनमध्ये मी एकच विचारतो, “घरी काय म्हणतात? म्हण बरं.” कुणी हरिपाठ म्हणतं, कुणी मन्मथस्वामींचे अभंग. हा लिंगायतांचाही मुलूख आहे. मन्मथस्वामींची मराठी इथल्या कित्येक घरांत रोज गायली जाते. कुणी पैगंबरांच्या स्तुतीची नात म्हणतं. बंजारा तांड्यावरची लेकरं होळीची लेंगी म्हणतात, तीही गोरमाटीत, आणि मग सगळा वर्ग त्यांच्याकडून शब्द शिकतो. मराठीच्या तासाला गप्प बसणारी मुलगी त्या दिवशी शिक्षिका होते. भजनी ठेका तर निम्म्या वर्गाच्या हातात आधीच असतो. आपण फक्त त्याच्या आठ मात्रा मोजून दाखवायच्या.

४. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत बसवायला घाई करू नये. आधी सगळ्यांचा सा एक व्हावा. मोबाईलवर तानपुरा लावून रोज दोन मिनिटं नुसता ‘आ’ लावला की पुढचं काम निम्मं होतं. १९ फेब्रुवारी २०२३पासून परिपाठात राज्यगीतही आलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. शाहिरांचा तो पहाडी आवाज ऐकून लेकरं घसा फोडायला बघतात. जोश शब्दांच्या ठोक्यातून येतो, हे त्यांना आधी टाळीवर दाखवावं लागतं.

५. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की गाणं थांबवावं. त्या आवाजावर ओरडण्यात घसा जातो. तेव्हा टाळी, चुटकी, मांडीवर थाप. दादरा मी नेहमी पावसातच शिकवतो.

६. आमच्याकडं वर्षाचं नियोजन दिवाळीपर्यंतचं आणि दिवाळीनंतरचं, असं दोन भागांत करावं लागतं. काही लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. मी पूर्वी सोपी गाणी आधी घ्यायचो आणि चांगली गाणी जानेवारीच्या स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवायचो. म्हणजे जाणाऱ्या लेकरांच्या वाट्याला ती कधी यायचीच नाहीत. आता वर्षातली सगळ्यात सुंदर गाणी जून-जुलैतच घेतो, आणि कोण जाणार हे माहीत असल्यानं त्यांना पुढं बसवतो. पाठ झालेलं गाणं फडावर न्यायला वही लागत नाही. गेल्या वर्षी एक मुलगी परतली, तेव्हा तिच्या मागं तिचा धाकटा भाऊ उभा होता. अजून पहिलीतही नव्हता, आणि आमचं पावसाचं गाणं त्याला तिन्ही कडव्यांसह येत होतं.