नोंदणी येईपर्यंत, आणि आल्यावर

बारावीचा निकाल लागला की नांदूरघाटात आमच्या घरी माणसं येतात. "ताई, पोरीला नर्सिंगला घालावं का?" मी घाला म्हणते. दिवाळीच्या पुढेमागे आमच्या केज तालुक्यातून बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात, आणि पोरगी जीएनएम होऊन पगार घरी यायला लागल्यावर आईबापाच्या हातातला कोयता सुटलेली घरं मी पाहिली आहेत. फी किती, होस्टेल कसं, सरकारी कॉलेजला नंबर लागेल का, हे सगळे विचारतात. कोर्स संपल्यावरच्या पहिल्या वर्षाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. पोरींची परवड होते ती नेमकी त्या वर्षात.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात. निकाल लागला होता, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज गेला होता, क्रमांक यायचा होता. आमच्या ओळखपत्रावर 'ट्रेनी' छापलं होतं आणि ड्युटीच्या तक्त्यावर 'स्टाफ' लिहिलं होतं. आम्ही त्यावर हसायचो. रुजू होतानाच दहावीपासूनची सगळी मूळ प्रमाणपत्रं ऑफिसने जमा करून घेतली होती आणि दोन वर्षांच्या बॉण्डवर सह्या झाल्या होत्या. बॉण्ड कुणी वाचला नव्हता. नोकरी लागली हेच खूप होतं.

माझ्याबरोबर धारूरकडची एक मैत्रीण होती. हाताची फार चांगली. लहान लेकराची शीर तिला पहिल्या टोचणीत सापडायची. एका रात्री मेडिकल वॉर्ड तिच्या एकटीवर होता. एका आजोबांना झोपताना 20 युनिट इन्सुलिन लिहिलेलं. आतापर्यंत त्यांची व्हायल एका मिलीलीटरला 40 युनिटची होती. त्या दिवशी डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं आणि मुलाने मेडिकलमधून आणलेली नवी व्हायल निघाली मिलीलीटरला 100 युनिटची, दिवसभर काम करणारी. ट्रेमध्ये सिरिंजा लाल टोपीच्या, म्हणजे 40 च्या व्हायलसाठीच्या. तिने रोजच्यासारखं विसाच्या खुणेपर्यंत भरलं. लाल टोपीच्या सिरिंजवर विसाची खूण म्हणजे अर्धा मिलीलीटर, आणि त्या व्हायलमधलं अर्धा मिलीलीटर म्हणजे 50 युनिट.

पहाटे तिची हाक आली तेव्हा मी शेजारच्या वॉर्डात होते. आजोबा घामाने निथळत होते, काहीबाही बरळत होते. ग्लुकोमीटरवर साखर चाळिशीच्या आत. 25 टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून गेलं तसे ते डोळे उघडून बोलायला लागले, पण लांब पल्ल्याचं इन्सुलिन असल्यामुळे पुढचा सगळा दिवस ग्लुकोजची बाटली आणि तासातासाला साखर असं चाललं. आजोबा बरे होऊन घरी गेले.

सकाळी तिला बोलावलं. व्हायल वाचली नाहीस का, असं विचारलं. प्रश्न रास्तच होता. पण नोंदणी नसलेल्या मुलीवर रात्री आख्खा वॉर्ड कुणी टाकला, नारिंगी टोपीच्या, म्हणजे 100 च्या व्हायलसाठीच्या, सिरिंजा वॉर्डात का नव्हत्या, इन्सुलिन बदललं हे ओव्हर देताना कुणी का सांगितलं नाही, यातलं काही कुणी विचारलं नाही. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं सुरू होणारं पत्र तिला तोंडी सांगितलं गेलं आणि तिने ते लिहून सही केली. तिची प्रमाणपत्रं त्यांच्याच कपाटात होती, नाही म्हणणार कशी? पुढे तिने नर्सिंगच सोडलं. आता ती नवऱ्याबरोबर किराणा दुकान बघते आणि दुकान चांगलं चाललंय. तरी तिचे हात आठवले की मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी पोरींना सांगते ते असं. मूळ प्रमाणपत्र कुणी मागितलं तर दाखवा, तिथेच छायाप्रत द्या, मूळ परत पिशवीत टाका. बॉण्ड घरी आणून वाचा. सोडून गेल्यास किती रक्कम, ही ओळ कुठे आहे ती आधी शोधा. नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत एकटीने वॉर्ड घेऊ नका, आणि घ्यायला लावलाच तर सोबत कोणती नोंदणीकृत नर्स आहे तिचं नाव ड्युटीच्या वहीत लिहून घ्या. अर्जावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षरान् अक्षर जुळवा, कारण एका वेलांटीपायी अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यासाठी कार्यशाळांची प्रमाणपत्रं लागतात. ती पहिल्या दिवसापासून एका फायलीत लावा.

हे कागदांचं झालं. कामाचं त्याहून अवघड आहे. शिकत असताना आपण इंजेक्शन देतो, पण मागे सिस्टर उभ्या असतात. नोंदणी झाली की मागे कुणी नसतं आणि चार्टवर सही आपली असते. या धक्क्यावर मार्लीन क्रेमर या अमेरिकन नर्सने 1974 साली आख्खं पुस्तक लिहिलं, म्हणजे हा काही आपल्याकडच्या पोरींचा कच्चेपणा नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. नुकतीच पास झालेली नर्स त्यात दुसऱ्या पायरीवर आहे. इंग्लंडमध्ये नव्या नर्सला पहिले काही महिने एक अनुभवी नर्स जोडून देतात. आपल्याकडे तिला पहिल्याच आठवड्यात नाइट लावतात, कारण जुन्यांना नाइट नको असते.

मग कॉलेजात काय करावं? आता मी शिकवते, म्हणून हे शिकवणाऱ्यांनाही सांगते. शेवटच्या वर्षाच्या मुलींना कामं वाटून देणं बंद करा. एक बीपी घेत फिरते, दुसरी इंजेक्शनचा ट्रे, तिसरी फक्त ड्रेसिंग. सकाळ उरकते, पण पेशंट कुणालाच कळत नाही. तीन-चार पेशंट एकीला पूर्ण द्या, औषधापासून नातेवाइकांच्या प्रश्नांपर्यंत, आणि शिक्षिकेने हात बांधून दोन पावलं मागे उभं राहावं. काहीतरी चुकायला लागलं तरी लगेच तोंड उघडू नका, पेशंटला इजा होण्याआधी उघडा. मधल्या त्या अर्ध्या मिनिटात मुलगी विचार करायला शिकते. मुली हाताखाली लागतात म्हणून वॉर्डातल्या सिस्टर कुरकुर करतात. करू द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करणं. आमच्याकडच्या पोरींना लहानपणापासून मोठ्या माणसापुढं आवाज खाली ठेवायला शिकवलेलं असतं. त्या फोन करतात आणि म्हणतात, "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये." सर झोपेत म्हणतात, "बघ जरा, सकाळी येतो." मी वर्गात प्रत्येकीला उभं करून हा फोन करायला लावते. "सर, नऊ नंबर बेड, काल हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. दोन तासांत नाडी 88 वरून 124 वर गेली, बीपी 90/60, लघवी कमी झालीय. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही येऊन बघा." सगळ्या मुली आकड्यांपर्यंत नीट येतात. 'तुम्ही येऊन बघा' म्हणताना आवाज बसतो. पाच-पाच वेळा म्हणायला लावलं की निघतो. फोनवर औषध सांगितलं तर नाव, मात्रा, कुठून द्यायचं, हे परत म्हणून दाखवायचं, वेळ टाकून लिहायचं आणि सकाळच्या राउंडला त्यांची सही घ्यायची. डॉक्टर आले नाहीत तर कुणाला किती वाजता फोन केला तेही लिहायचं.

गावाकडच्या दवाखान्यात नोकरीला येणाऱ्यांसाठी आणखी एक. पावसाळ्यात इथे साप चावलेली माणसं येतात. घोणस चावली तर रक्त गोठायचं थांबतं, म्हणून शिरेतलं दोन मिलीलीटर रक्त काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकी करून बघायचं. पुस्तकातून एवढंच ठसतं. नळी नवी, कोरडी आणि काचेचीच हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही, आणि गरज नसताना प्रतिविषाच्या व्हायल सुरू होतात. त्या प्रतिविषाचीही रिअ‍ॅक्शन येते, तेव्हा अ‍ॅड्रेनालिन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी असलं पाहिजे. पहिल्या दिवशी रुजू झाल्यावर चहाला जाण्याआधी ही नळी आणि अ‍ॅड्रेनालिन कुठल्या कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ते बघून या. मी स्वतः नळी मागितली तेव्हा एका ठिकाणी मला धुतलेली जुनी बाटली दिली होती.

मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना मी तीन प्रश्न पाठ करून देते. रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात? पहिला महिना मला कुणाच्या हाताखाली ठेवणार? इन्सुलिन, पोटॅशियमसारखी औषधं दोघींनी तपासायची पद्धत आहे का? गेल्या वर्षी एकीने विचारलं, "मॅडम, असं विचारल्यावर नोकरी देतील का?" ती लातूरला दोन ठिकाणी जाऊन आली. पहिल्या ठिकाणी त्यांनी तिची फाईल मिटून तिच्या हातात दिली. दुसऱ्या ठिकाणच्या मेट्रनबाईंनी प्रश्न ऐकून घेतले, रात्री एकीकडे बारा असतात म्हणाल्या, आणि सोमवारपासून ये म्हणाल्या.