सह्याद्रीचा रानगवा

पावसाळा सरला, की महाबळेश्वरच्या पठारावरील धुके हळूहळू विरळ होऊ लागते. जांभूळ, अंजनी आणि पिसा या झाडांच्या गर्दीतून गार वारा वाहू लागतो. अशा वेळी सायंकाळी रानातून एखादी काळी आकृती रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहते. प्रथमदर्शनी वाटते, कोणाची तरी म्हैस वाट चुकली असावी. परंतु तिच्या पायांकडे लक्ष जाते आणि पाहणारा जागच्या जागी थबकतो. गुडघ्यांपासून खाली ते पाय पांढरे शुभ्र असतात, जणू कोणी मोजे चढविले आहेत! ती म्हैस नव्हे. तो सह्याद्रीचा रानगवा होय.

गवा हा गोकुळातील सर्वांत बलाढ्य वन्य प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची सहा फुटांच्या आसपास भरते आणि वजन कधी कधी एक हजार किलोग्रॅमपर्यंत जाते. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत त्याला मांसल उंचवटा असतो. वासरू जन्मते तेव्हा पिवळसर सोनेरी असते. पुढे ते तपकिरी होते आणि नर तर वयाबरोबर जवळजवळ काळा पडतो. माद्या व वासरे कळपाने राहतात. म्हातारे नर बहुधा एकटे हिंडतात. गवत, कोवळा पाला, बांबूचे कोंब आणि झाडांची साल हा त्यांचा आहार. एवढे प्रचंड बळ असूनही गवा स्वभावाने भित्रा आहे. माणसाची चाहूल लागताच तो जोराने फुसकारतो आणि झाडीत दिसेनासा होतो.

इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला ‘बायसन’ म्हटले आणि ते नाव अजूनही लोकांच्या तोंडी आहे. वस्तुतः बायसन हा अमेरिकेतील व युरोपातील निराळा प्राणी आहे. परंतु या दोन प्राण्यांच्या नशिबी आलेले दुःख मात्र एकच होते. शिकारीच्या खोलीत गव्याचे मस्तक टांगणे हा एके काळी मोठा मान समजला जाई. शिकाऱ्याच्या गोळीतून जे गवे वाचत, त्यांना पाळीव गुरांकडून आलेले बुळकांडी व लाळ्या-खुरकूत हे रोग गाठत. त्यात जंगलेही तुटत गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सह्याद्रीच्या अनेक भागांतून गव्यांचे कळप विरळ झाले.

मग आज दिसणारे गवे टिकले कोठे? याचे उत्तर मोठे नवलाचे आहे. कोल्हापूर संस्थानात दाजीपूरचे घनदाट रान राजर्षी शाहू महाराजांच्या काळी शिकारीसाठी राखीव होते. राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या त्या रानात इतरांच्या बंदुकीला व कुऱ्हाडीला मज्जाव होता. त्यामुळे शिकारीचेच रान गव्याचे आश्रयस्थान ठरले! संस्थान विलीन झाल्यावर १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य आकारास आले. ज्या रानात गव्यावर नेम धरला जाई, तेथेच त्याला अभय मिळाले.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि कालांतराने गव्याच्या शिकारीस देशभर बंदी आली. माणसाच्या जीवास धोका निर्माण झाला, तर वरिष्ठ वनाधिकारी लेखी आदेश देऊन अपवाद करू शकतात. १९८५ सालीच सातारा जिल्ह्यात कोयना अभयारण्य झाले. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्याकडील चांदोलीचे रान २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना नदी ज्या दरीतून दक्षिणेकडे वाहते, त्या दरीच्या दोन्ही अंगांनी रानांची साखळी पसरली आहे. हीच गव्यांची वाट.

या वाटेवर गवत उगवले, त्यामागे माणसांचाही त्याग आहे. धरणांसाठी आणि पुढे अभयारण्यासाठी अनेक गावांनी आपली घरे सोडली. जेथे पूर्वी नाचणी व वरी पिकत असे, त्या पडीक खाचरांत गवत माजले आणि तेथे गवे चरू लागले. विस्थापितांच्या अंगणात आज रानजनावरांचे पाऊल उमटते. गव्याच्या पुनरागमनाची गोष्ट सांगताना या माणसांचे स्मरण ठेवले पाहिजे.

नाहीसा झालेला प्राणी पुन्हा रानात आणण्याचे प्रयत्न अन्यत्रही झाले. मध्य प्रदेशातील बांधवगडच्या रानातून गवे नामशेष झाले होते. २०११ व २०१२ या दोन वर्षांत कान्हा येथून पन्नास गवे तेथे नेण्यात आले आणि त्यांचा वंश वाढू लागला. अमेरिकेत तर एके काळी कोट्यवधी बायसन गवताळ मैदानांत चरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांपैकी जेमतेम काही शेकडा उरले. १९०७ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून पंधरा बायसन आगगाडीने ओक्लाहोमात पाठवून त्यांचा कळप पुन्हा वसविण्यात आला. १९४१ साली यलोस्टोन येथून अठरा बायसन यूटा राज्यात नेऊन मोकळे सोडले गेले. त्यांचा कळप पुढे हेन्री पर्वतात स्थिरावला. कुरणाच्या मानाने कळप फार वाढू नये, म्हणून तेथे सामान्य नागरिकांना दर वर्षी मोजकेच शिकारीचे परवाने दिले जातात आणि परवान्याच्या शुल्कातून वन्यजीवांच्या रक्षणास पैसा मिळतो. भारताने मात्र निराळा मार्ग पत्करला. येथे गवा परतला, तो शिकारीसाठी नव्हे. त्याला जगू द्यावे म्हणून.

परंतु प्राणी परतला, की काम संपले असे नाही. खरे कठीण काम तेथूनच सुरू होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात शेतकरी स्ट्रॉबेरीची रोपे जिवापाड जपतो. एका रात्रीत गव्यांचा कळप वाफे तुडवून जातो आणि कित्येक महिन्यांची मेहनत मातीमोल होते. अंधारात अवचित समोर आलेल्या गव्याने माणसाला जखमी केल्याच्याही घटना घडतात. शासन नुकसानभरपाई देते. पण उजाड वाफ्याकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख केवळ पैशाने भरून येत नाही. वनांचे सुख सर्वांनी भोगावे आणि त्याचा भार मात्र रानाच्या कडेला राहणाऱ्यानेच सोसावा, हा न्याय नव्हे.

गव्याच्या बाजूनेही एक कहाणी आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा वाट चुकून शिरला. त्याला पाहण्यासाठी बघ्यांची गर्दी लोटली. आरडाओरडा झाला, पाठलाग झाला. भेदरलेला तो प्राणी गल्लीबोळांतून धावत सुटला, भिंतींवर आदळून जखमी झाला. अखेर त्याला पकडण्यात आले. पण तोवर तो पुरता थकला होता आणि थोड्याच वेळात त्याने प्राण सोडला. त्याच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती. कायद्याने बंदुकीला आवर घातला, तरी माणसाच्या कुतूहलाला आवर घालणे कायद्याला जमत नाही. ते ज्याचे त्यानेच शिकावे लागते.

म्हणून महाबळेश्वरच्या रस्त्यावर गवा दिसला, तर शहाणा माणूस गाडी दूर थांबवितो, कर्णा वाजवीत नाही, जवळ जात नाही आणि त्याचा मार्ग अडवीत नाही. गवा क्षणभर टक लावून पाहतो, मान वळवितो आणि आपल्या वाटेने निघून जातो. धुक्यात प्रथम त्याची काळी पाठ नाहीशी होते. पांढरे पाय मात्र थोडा वेळ दिसत राहतात. मग तेही दिसेनासे होतात आणि रस्ता पुन्हा माणसांचा होतो.

अभ्यास

१. गवा आणि म्हैस यांतील फरक कोणत्या खुणेवरून चटकन ओळखता येतो?
२. ‘शिकारीचेच रान गव्याचे आश्रयस्थान ठरले’, असे का म्हटले आहे?
३. अमेरिकेतील बायसन व सह्याद्रीतील गवा यांच्या पुनरागमनात कोणते साम्य व कोणता भेद दिसतो?
४. गव्यांमुळे नुकसान झालेल्या शेतकऱ्याची बाजू दहा ओळींत मांडा.
५. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : मज्जाव असणे, मातीमोल होणे, आवर घालणे.