लॉन काढण्याआधी वाट बांधा

बंगल्यापुढची लॉन काढून टाकावी आणि तेथे पाखरे, फुलपाखरे, मधमाशा येतील अशी बाग करावी, असा विचार बेळगाव भागातील पुष्कळ घरांतून आता होऊ लागला आहे. आम्हाला तो पसंत आहे. मात्र अशी बाग करू इच्छिणाऱ्या वाचकांना आमचे एकच सांगणे आहे, ते असे की आधी वाट बांधावी, झाडे मागाहून लावावीत.

लॉन म्हणजे खरे पाहता सगळीकडे पसरलेली वाटच असते. तिच्यावरून कोठूनही कोठेही जाता येते. ती काढली की पाय कोठे ठेवायचा हे आपण ठरवून द्यावे लागते. ते न ठरवता नुसती झुडपे लावली तर पहिल्या पावसाळ्यात चिखल होतो, दुसऱ्या पावसाळ्यात रान माजते, आणि तिसऱ्या वर्षी घरातील आजी-आजोबा बागेत उतरेनासे होतात. मग कोणीतरी मजूर बोलावून सारे सपाट करवितो, आणि 'आमच्याकडे असली बाग जमत नाही' असे म्हणून मोकळा होतो. जमत नाही ती बाग नव्हे, वाट नसते.

लॉनची आवड आपल्याकडे इंग्रजांच्या कँपातील बंगल्यांतून आली. इंग्लंडात बाराही महिने रिमझिम चालते, हवा गार असते, तेथे गवत आपोआप हिरवे राहते. गवत कापण्याचे यंत्रही तेथलेच. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे आठ महिने गवताला आपण पाजावे लागते. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉन हिरवी ठेवायची तर दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. हजार चौरस फूट लॉन म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, म्हणजे रोजचे साडेचारशे लिटरहून अधिक. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पाच हजार लिटरचे अकरा टँकर नुसत्या गवतात जिरतात. इतके करून त्या गवतावर एक फुलपाखरू अंडी घालील तर शपथ, कारण आठवड्याला ते कापले जाते.

आता वाटेकडे येऊ. वाट कोठे काढावी हे कागदावर ठरवू नये. आपली लॉनच ते सांगते. फाटकापासून पायरीपर्यंत, स्वयंपाकघराच्या दारापासून कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत, नळापासून खताच्या खड्ड्यापर्यंत जेथे जेथे पाय पडून गवत झिजलेले असेल, तेथेच वाट हवी. शोभेसाठी काढलेली नागमोडी वाट माणसे चार दिवस पाळतात, पाचव्या दिवशी झाडांतून आडवी जातात. वळण द्यायचेच तर वळणावर एखादे झाड किंवा मोठा दगड असावा, म्हणजे वळण्याला कारण मिळते.

मुख्य वाट चार फूट रुंद असावी. दोघे जण बरोबरीने चालू शकतात, आणि आजारी माणसाला हात धरून नेता येते. चाकांच्या खुर्चीला निदान तीन फूट लागतात. आतल्या बाजूच्या, पाणी घालायला जायच्या वाटा दीड-दोन फुटांच्या चालतात.

आमच्या भागात जांभा दगड मुबलक आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागून घट्ट होतो, हे चिऱ्यांची घरे बांधणाऱ्यांना सांगायला नको. जांभ्याच्या तीन इंच जाडीच्या लाद्या किंवा खडबडीत शहाबादी फरशी, दोन्ही चालतात. गुळगुळीत पॉलिश केलेली फरशी मात्र बागेत आणू नये.

दोरी लावून वाटेची रेघ आखावी आणि साडेसात इंच खोल खणावे. तळाला चार इंच मुरूम किंवा खडी घालावी, तीही एकदम न घालता दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस करावी. या कामात गवंडी घाई करतो, तेव्हा घरच्या माणसाने शेजारी उभे राहावे. वाटेचे आयुष्य या चार इंचांवर अवलंबून असते. वरचा दगड कितीही चांगला असला तरी खाली पोकळी राहिली की पहिल्याच पावसात तो डुगडुगतो. मुरुमावर दीड इंच दगडाची कच पसरून लाकडी फळीने सारखी करावी आणि तीवर लाद्या बसवाव्यात. दोन्ही कडांना चिरे उभे गाडावेत, म्हणजे लाद्या बाहेर सरकत नाहीत.

एवढ्याने वाट शेजारच्या मातीपेक्षा एक इंच उंच राहते. तशीच ती राहिली पाहिजे. माती उंच असली की प्रत्येक सरीबरोबर गाळ वाटेवर येतो. शिवाय वाटेला एका बाजूस किंचित उतार द्यावा. चार फुटांच्या रुंदीत एक इंच पुरतो. डोळ्याला दिसत नाही पण पाण्याला कळतो. ते पाणी जेथे उतरेल तेथे कर्दळ किंवा अळू लावावे.

लाद्यांच्या सांध्यांत वाळू भरावी, सिमेंट भरू नये. गवंडी म्हणेल, "एकदाचा कोबाच करून टाकू, कटकट नको." त्याचे ऐकू नये. कोब्यावर पाणी साचते, उन्हात तो तापतो, झाडाची मुळे आली की तडकतो, आणि एकदा तडकला की सारा फोडावा लागतो. वाळूतली लादी बसली तर तेवढी एकच उचलून खाली मूठभर कच टाकून पुन्हा ठेवता येते.

इंदूर, बडोदे अशा काळ्या मातीच्या गावी राहणाऱ्या वाचकांनी मात्र तळाचा थर दुप्पट करावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरची वाट वरखाली होते. मुरमाचा जाड थर मध्ये असला की हा त्रास कमी होतो.

वाटेच्या बाबतीत आम्ही इतके लिहितो याला आरोग्याचे कारण आहे. म्हातारपणी हाडे ठिसूळ झालेली असतात, आणि शेवाळावरून एकदा पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मग न्यूमोनिया, जखमा असे एकामागून एक लागते. म्हणून झाडांच्या फांद्या वाटेवर झुकू देऊ नयेत. ऊन आणि वारा लागला की शेवाळ कमी धरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खराट्याने वाट खरडून झाडावी. पायऱ्या असतील तर सगळ्यांची उंची एकसारखी हवी. पाच पायऱ्या सहा इंचांच्या आणि एक आठ इंचांची, यासारखा धोका नाही, कारण पाय सवयीने उचलला जातो. जमल्यास पायऱ्यांऐवजी उतरणच करावी, दर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरून.

लॉन सगळी एकदम काढू नये. यंदा निम्मी, पुढल्या वर्षी निम्मी. एप्रिल-मे महिन्यांत खणून उलटी करून उन्हात पडू द्यावी. मेक्सिकन किंवा कोरियन गवत थरासारखे निघते, पण हरळी असेल तर प्रत्येक कांडे वेचावे लागते, कारण एक पेर राहिले तरी ती पुन्हा उभी राहते. मुलांना खेळायला एक तुकडा जरूर ठेवावा. बाग मुलांच्या पायांना बंदी करणारी नसावी.

मृगाचा पाऊस स्थिरावला की लागवड करावी. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. फुलपाखरांना फुले लागतात हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यांच्या अळ्यांना ठरावीक झाडांची पानेच लागतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला निळा-काळा निलवंत लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतो. कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग हे सापसंदाच्या वेलावर वाढते. लिंबू आणि कढीपत्ता यांवर आणखी दोन-तीन जाती येतात; त्यांच्या लहान अळ्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून ओळखू येत नाहीत. पानफुटी, सीताफळ, एरंड यांचीही आपापली फुलपाखरे आहेत. कढीपत्ता अळ्यांनी खाल्ला अशी गृहिणींची तक्रार होणारच. त्यावर तोडगा सोपा आहे, दोन झाडे लावावीत, एक फोडणीचे आणि एक अळ्यांचे.

रुईवर वाढणारे तपकिरी फुलपाखरू सुंदर असते, पण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. ते झाड वाटेपासून दूर, कुंपणाशी लावावे आणि मुलांना बजावून ठेवावे. कण्हेरीचे सारे भाग विषारी आहेत, लहान मुले असलेल्या घरी ती नसलेलीच बरी. गाजर गवताने अंगावर खाज आणि दमा उठतो. ते फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे. घाणेरीवर फुलपाखरे येतात म्हणून कोणी ती लावा म्हणेल, पण ती रानोमाळ पसरते. तिच्याऐवजी जास्वंद, तेरडा, तुळस, एक्झोरा लावावीत. जास्वंदीवर शिंजीर आल्यावाचून राहत नाही.

फवारणी करू नये. कडुनिंबाचा अर्कसुद्धा अळ्यांना मारतो. एखाद्या कोपऱ्यात हातभर जमीन उघडी ठेवावी, कारण काही एकेकट्या राहणाऱ्या मधमाशा मातीत बीळ करतात. निळ्या पट्ट्यांची अशीच एक माशी वांगी आणि टोमॅटो यांची फुले पंखांच्या स्नायूंनी थरथरवून पराग झाडते. परसात भाजी करणाऱ्याला तिचा उपयोग वेगळा सांगायला नको. पालापाचोळा जाळू नये, झाडांच्या बुंध्याशी चार बोटे जाड पसरावा. धूर टळतो आणि पाणीही निम्मे-शिम्मे वाचते.

पाखरांना पाणी ठेवायचे तर दोन इंच खोल मातीची परळ पुरते. तिच्यात एक दगड ठेवावा, म्हणजे मधमाशा बुडत नाहीत. परळ रोज रिकामी करून घासावी. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि आठवडा-दहा दिवसांत डास होतो. पाणी नुसते वरून भरल्याने काही साधत नाही.

सापाची भीती हा शेवटचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. साप बहुधा उंदरांमागे आणि बेडकांमागे येतो. लाकडांची रास, विटांचा ढीग आणि खताचा खड्डा घरापासून व मुख्य वाटेपासून लांब असावेत. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक हात उंची कमी असलेली झाडेच लावावीत, म्हणजे पाऊल टाकण्यापूर्वी जमीन दिसते. रात्री बॅटरीवाचून आणि पायात काही घातल्यावाचून उतरू नये. दुर्दैवाने दंश झालाच तर चीर देऊ नये, दोरी आवळू नये, मांत्रिकात वेळ दवडू नये. दंशाचा हात किंवा पाय न हलवता, प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात माणसाला लगेच न्यावे. ते रुग्णालय आपल्या गावी कोणते आहे, हे लागवडीच्या आधीच विचारून त्याचा फोन नंबर घरात दाराशी लिहून ठेवावा.