थंडीत समुद्र घाट चढवताना

बदलीचा कागद नेमका पौषात आला म्हणून तू हिरमुसलीस, ते फोनवर आवाजावरूनच कळलं. भांडीकुंडी बांधायला माणसं मिळतात, गॅस तिकडे लावून मिळतो, पण चार फुटी टाकीचं काय करू मामा, हा तुझा खरा प्रश्न. खाऱ्या पाण्याची टाकी, आत झोआ नि मश्रूम हे प्रवाळाचे मऊ भाऊबंद, तो गुबगुबीत अ‍ॅनिमोन आणि त्याच्यात लोळणारे दोन क्लाउन मासे. आणि जायचं कोल्हापूरला, आंबा घाट चढून. आपल्या रत्नागिरीच्या थंडीला थंडी म्हणायचं ते उगाच, मफलर दाखवायला. कोल्हापुरात मात्र पहाटे पारा चौदा-पंधराला येतो. तुझ्या माशांना असलं काही ठाऊकच नाही गो. आपला समुद्र भर थंडीतही पंचविसाच्या खाली जायचं नाव घेत नाही.

तर बस, सांगतो. यातलं अर्धं मला मिरकरवाड्यातल्या एका चाचांनी शिकवलं, उरलेलं चुकून शिकलो.

चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट लक्षात राहील. पहिल्यांदा टाकी घाटावर नेली तेव्हा मी मासे असे जपले की काय विचारतेस! थर्माकोलचे खोके, त्यावर गोधड्या, ते माझ्या मांडीवर. आणि टाकीतले दगड? ते उघड्या क्रेटमध्ये, टेंपोच्या मागच्या फळीला टेकवून. दगडच ते, त्यांना काय व्हायचंय. पोचलो तेव्हा एकूण एक मासा जिवंत. पेढे वाटले मी. चौथ्या दिवशी सकाळी पहिला मासा तळाला आडवा दिसला आणि सातव्या दिवसापर्यंत टाकी रिकामी झाली.

चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, मासे नेलेस, विरजण मागे ठेवलंस.

माशाने टाकलेला अमोनिया पचवणारे जे सूक्ष्म जीव, ते पाण्यात फारसे नसतातच. ते दगडाच्या भोकाभोकांत बसलेले असतात. टाकीचं विरजण ते. घाटावर थंडीत दही लागत नाही, मग बायका भांडं गोधडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवतात, हे तुला तिथे गेल्यावर दिसेलच. हे जीवही तसेच. गार पडले की सुस्तावतात, सुकले की मरतात. शिवाय दगडातले स्पंज आणि किडे वाऱ्याने मरून कुजायला लागतात, म्हणजे पचवणारे कमी आणि कुजणारं जास्त. माझ्या टाकीत झालं ते एवढंच. म्हणून दगड उघड्यावर नाही, ओल्या फडक्यातही नाही. झाकणाच्या पिंपात, टाकीच्याच कोमट पाण्यात पूर्ण बुडवून, आणि पिंपात बॅटरीवर चालणारा एअर पंप. एकच जागा उबदार असेल तर ती दगडांना दे, मासे दुसऱ्या नंबरला.

आता पाणी. चार बाय दोन बाय दोन म्हणजे सोळा घनफूट, काठोकाठ साडेचारशे लिटर. दगड नि वरची मोकळी जागा वजा केलीस तर चारशे धर. त्यातलं अडीचशेच्या आसपास जुनं ने, पस्तीस लिटरच्या निळ्या कॅनमधून सात कॅन होतात. उरलेल्यासाठी इथूनच समुद्र भरून ने, वर दोन कॅन राखीव. कोल्हापुरात पंचगंगा आहे, समुद्र नाही. पण भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी भरू नकोस, काजळी नदीचं गोडं पाणी मिसळतं तिथे. आरे-वारेकडे खडकावरून भर, पूर्ण भरतीला. भरतीची वेळ बघायला मोबाइल लागत नाही: तिथीची पाऊणपट कर. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तुझ्या आजोबांना याहून जास्त कधी लागलं नाही. भरलेलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून आठवडाभर अंधारात ठेव, आत पंप सोडून. हायड्रोमीटरवर 1.025 च्या आसपास आलं की झालं.

निघायच्या आदल्या रात्री कॅनमधलं पाणी हीटरने सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर आण आणि सकाळी कॅन एकमेकांना चिकटवून गोधड्यांत गुंडाळ. हा खटाटोप कशाला, असं तुझा नवरा विचारेल, कारण तो हिशेबी माणूस. त्याला हिशेबच दे. चारशे लिटर पाणी वाटेत अठरावर उतरलं तर तीनशे वॉटचे दोन हीटर लावूनही सव्वीसवर यायला सहा तासांहून जास्त लागतात. म्हणजे दुपारी पोचून रात्रीपर्यंत मासे पिशवीत. आणि घाई करून गॅसवर उकळलेलं पाणी ओतायचं तर गार पडलेली काच तडकते. तडकली नाही तरी दुसरा धोका आहे, तो मी फार गांभीर्याने सांगतोय. तुझ्या झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. झोआ लागलेल्या दगडावर कढत पाणी ओतून वाफ नाकात गेल्याने घरची घरं इस्पितळात पोचल्याची उदाहरणं जगभर आहेत. दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा. बोट कापलेलं असेल त्याने त्या दिवशी फक्त चहा करावा.

दोन दिवस आधी खायला घालणं बंद. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी घाण होत नाही. बिचारे बघत राहतील काचेतून, पण विरघळू नकोस.

सकाळी पहिल्यांदा हीटर बंद कर नि पंधरा-वीस मिनिटं थांब. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच गेली. मग वरवरचं स्वच्छ पाणी नळीने काढून कॅन भर, वाळूला धक्का न लावता. मग दगड. दगड निघेपर्यंत माशांच्या मागे जाळी घेऊन धावू नकोस. लपायला जागा उरली नाही की ते वीतभर पाण्यात आपणहून कोपऱ्यात येतात. अ‍ॅनिमोन काचेला धरून बसला असेल तर ओढायचा नाही, नखाने कडेकडेने हळूहळू सुटा करायचा, अर्धा तास गेला तरी चालेल. पाय फाटला तर तो कुजतो आणि बरोबरच्यांनाही नेतो. वाळू शेवटी. खालचा थर उकरलास की सडक्या अंड्यासारखा वास येईल, ओहोटीला खाडीच्या चिखलाला येतो तोच. ते पाणी एक थेंबही पुढे न्यायचं नाही. मी तर म्हणतो जुनी वाळू इथेच टाक. तिचा मोह झालाच तर खाऱ्या पाण्यात पाणी नितळेपर्यंत धू.

माशाला एकेक पिशवी. तीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, वर दुसरी पिशवी उलटी घालून रबर. झोआ, मश्रूम, अ‍ॅनिमोन वेगवेगळे, कारण घाबरले की ते बुळबुळीत चिकट काहीतरी सोडतात. पिशवी मात्र ढोलकीसारखी ताणून फुगवू नकोस. आंब्याच्या माथ्यावर टपरीत टांगलेली वेफर्सची पाकिटं आठव, कशी टम्म फुगलेली असतात. वर हवेचा दाब कमी. तुझी पिशवीही तशीच फुगणार, तिला जागा ठेव.

आणि थर्माकोलचे खोके. चाचांची ही खरी देणगी. मिरकरवाड्यात सुरमई बर्फात घालून ज्या खोक्यांतून बाहेरगावी जाते, तेच खोके. लोकांना वाटतं ते गार ठेवतात. ते आत आहे ते आत ठेवतात, बस. बर्फ घातलास तर बर्फ, ऊब घातलीस तर ऊब. मी चार वेळा धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेत, वास राहिलेला नाही. एका खोक्यात दोन पाण्याच्या बाटल्या कोमट पाण्याने भरून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीला न टेकतील अशा उभ्या कर. कोमट म्हणजे बाळाला अंघोळीला घेतेस तसं. पिशवीतलं पाणी चोवीसवर आलं तरी घाबरू नकोस, हळू उतरलं तर मासा सोसतो, उलट थोडा शांत पडतो आणि प्राणवायू कमी खातो. झटक्याने उतरलं किंवा झटक्याने चढलं की तो गेला.

ओघाने आलं म्हणून सांगतो. सामान बघून कोणीतरी हौशी म्हणेलच की मालवणाकडून खऱ्या प्रवाळाचा तुकडा आणून देतो, तिकडे टाकीला शोभेल. हात जोड आणि नाही म्हण. कठीण प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्याच पंगतीत. विजयदुर्गापासून शंभर-एक किलोमीटर आत समुद्रात आंग्रे बँक आहे, कान्होजींच्या नावाची. तिथलं प्रवाळ तिथेच छान आहे. तुझे दगड भट्टीतले, घडवलेले आहेत. त्याची पावती बरोबर ठेव.

रिकामी काचच नव्वदेक किलो भरते. चार माणसं लागतात, आणि धरायची तळाला, वरच्या पट्टीला नाही. तळाशी थोडंसं पाणी, वाळू राहू दे म्हणणारा हमाल भेटतो. नाही म्हण, त्या वजनाने सिलिकॉनचे सांधे उकलतात. बंद टपाचा छोटा हत्ती कर, खाली गादी, वर टाकी, बाजूंनी उशा. खोके मात्र तुमच्या गाडीत, पायाशी, काचा वर करून.

ड्रायव्हर लोक रात्री निघू म्हणतात, रस्ता मोकळा असतो. ऐकू नकोस. साडेसहाला घर सोड, म्हणजे साखरप्याला चहा होईपर्यंत ऊन वर आलेलं असेल आणि धुकं विरलेल्या घाटात शिराल. चहाला पाच मिनिटं. खोकं उघडून बघायचं नाही, नवऱ्यालाही बघू द्यायचं नाही.

पोचल्यावर आधी पाणसळ. कपाट एका बाजूने काडीभर जरी खाली असेल तरी चारशे लिटर पाणी एकाच सांध्यावर रेटतं. मग दगड, मग जुनं पाणी, हीटर, पंप. पंचवीस-सव्वीस अंश दिसेपर्यंत पिशव्या खोक्यात. मग बंद पिशव्या अर्धा तास टाकीत तरंगू दे, आणि उघडलीस की लगेच मासा जाळीने उचलून आत. इथे पुष्कळ जण चुकतात. पिशवी उघडी ठेवून थेंबथेंब पाणी मिसळत बसतात, प्रेमापोटी. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पाणी जरा आंबट होतं आणि आंबट पाण्यात अमोनिया निमूट पडून असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, आंबटपणा जातो आणि तोच अमोनिया विष होतो. दोन्हीकडे पाणी तुझंच, खारेपणा तोच, मग मिसळायचंय कशाला? पिशवीतलं पाणी मोरीत.

पहिली रात्र दिवे बंद. झोआ मिटलेले राहतील, आठवडाभर राहिले तरी हात लावू नकोस. दुसऱ्या दिवशी चिमूटभर खाणं. अमोनियाचं टेस्ट किट रोज सकाळी दहा दिवस, आणि रंग बदललेला दिसला की राखून ठेवलेल्या दोन कॅनमधलं पाणी बदल. कोल्हापुरात रात्री खिडकी लाव, वाऱ्याच्या झोतात टाकी नको. पाणी आटलं तर वरून आरओचं गोडं, नळाचं नाही.

पोचल्या दिवशी मला फोन करून सगळे जिवंत आहेत असं सांगू नकोस, ते मीही सांगितलं होतं. चौथ्या दिवशी कर. आणि खोके परत पाठव, पुढच्या महिन्यात शेजारच्याची टाकी चिपळूणला जायची आहे.