आलेखाच्या कडेला लिहिलेलं

प्रश्न : तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी उत्पादनाचे आकडे बघतो. मनोरहून चिल्हार फाट्यावरून रोजची ये-जा. हल्ली आमचे आलेख पॉवर बीआय या सॉफ्टवेअरवर असतात. साहेब म्हणतात, शंका असेल तर आलेखावरच कमेंट टाका, व्हॉट्सॲपवर फोटो नकोत. कमेंटमुळे आकडे बिघडणार नाहीत ना? आणि फोटोवर लाल गोल काढण्यात वाईट काय? – एक वाचक, मनोर

उत्तर : आकडे बिघडत नाहीत. कमेंट वेगळी साठते, मूळ डेटाला तिचा हात लागत नाही.

लाल गोलाचं म्हणाल, तर फोटोत आलेखातला पडलेला खांब दिसतो. पण तेव्हा कोणती पाळी, कोणतं यंत्र निवडलं होतं हे पुढच्याला कळत नाही. शिवाय दोन दिवसांत तो फोटो लग्नपत्रिकांखाली गाडला जातो. रिपोर्टमधली कमेंट त्या वेळचे फिल्टर सोबत ठेवते. तुम्ही रात्रपाळी निवडून लिहिलंत, तर साहेबांना कमेंटवरून रात्रपाळीचंच चित्र उघडता येतं. 'ॲट'चं चिन्ह देऊन नाव घातलंत की त्या माणसाला निरोपही जातो.

आलेखाच्या कडेला लिहायची ही पद्धत तुमच्या कारखान्याजवळून रोज धावते. पालघर, बोईसर करत जाणाऱ्या गाड्यांचा आलेख रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात पूर्वी हातानं काढायचे : आडवी वेळ, उभी स्थानकं, प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी पडते. ती का पडली हे रेघ सांगत नाही; ते सेक्शन कंट्रोलर तिथंच कडेला खरडायचा. आता रेघा संगणक काढतो, कारण मात्र अजून माणसालाच भरावं लागतं. मला तर आलेखापेक्षा ती खरड जास्त मोलाची वाटते.

एक खोच आहे. कागदावरची रेघ जागची हलत नाही, तुमचा आलेख हलतो. रविवारी कुणी राहिलेल्या नोंदी भरल्या की पडलेला खांब उभा राहतो, आणि खाली तुमचं 'हा का पडला?' वेड्यासारखं लटकत राहतं. टॅब्लो या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कमेंटला त्या क्षणाचं चित्र जोडता येतं, ती चांगली सोय आहे. तसं नसेल तर आकडा आणि तारीख शब्दांतच लिहा.

आणि ज्याला रिपोर्ट उघडता येतो त्याला कमेंटही दिसते, वरच्या साहेबांनासुद्धा. 'ऑपरेटर झोपला असेल' हे टपरीवर चहासोबत ठीक. इथं असं लिहा : '१४ तारीख, रात्रपाळी, ४२ ऐवजी ३१ ड्रम. बॉयलर दोन तास बंद होता का?'